शेगड्याचं मेज

रशीद चाचांना मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसानं मन स्वच्छ करावं, जुनं विसरून जावं. का म्हणून विसरावं? ज्यांना हे वाचून वाईट वाटलं असतं ती माणसं केव्हाच कबरस्तानात गेली, आणि जी उरलीत त्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. चाचा म्हणजे माझ्या अब्बांचे धाकटे भाऊ. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करायची आणि मनात अरे-तुरे. ते मुंबईच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा ट्रंक आणि एक जड गोणपाट घेऊन ते आमच्या दारात उतरले, आणि पहिल्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "भाईजान, हे असं जमिनीवर बसून काम करणं म्हणजे बैत्याचं धान्य मागत दारोदार फिरणाऱ्या बलुतेदारांचं काम झालं." त्या क्षणापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

आमचं घर लोणावळ्याच्या बाजाराच्या टोकाला होतं. रस्त्याला लागून ओटा, मध्ये एक खोली, तिच्या कडेला चूल, आणि मागं पडवी. पडवीचं छप्पर इतकं उतरतं होतं की परसाकडच्या बाजूनं अब्बांना कमरेत वाकून आत यावं लागे. इथल्या पावसाला तसंच छप्पर लागतं, नाहीतर पाणी घरात येऊन बसतं. आमचं सगळं काम त्या पडवीत चाले. अब्बा बिजागऱ्या, कड्या, कोयंडे बनवायचे. गावात मुंबईकरांचे बंगले उठत होते, आणि लोणावळ्याच्या हवेत लोखंडी बिजागरी लवकरच गंजून दार धरून बसते, म्हणून बंगलेवाले पितळेच्याच मागायचे. मावळातले शेतकरी मात्र लोखंडीच नेत. त्यांना गंजाचं काही वाटत नसे, तेल लावलं की झालं. सकाळी घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी, मग अम्मानं चुलीत फुंकर घालताना दिलेल्या शिव्या (चुलीला, लाकडांना, आणि मधूनमधून मला), आणि मग अब्बांची छिन्नी. या तीन आवाजांवर माझं सगळं लहानपण गेलं. आंबेमोहराचा भात उकळत असला की त्याचा वास पडवीपर्यंत यायचा आणि तापल्या पितळेच्या वासात मिसळायचा. जेवायला बहुतेक भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण असे. जुम्म्याला मटण असलं तर असलं, नाहीतर अम्मा मसुराची आमटी करून तिलाच मटणाचा मसाला घालायची आणि म्हणायची, "डोळे मिटा आणि खा."

छिन्नीचा मला राग होता. अब्बा पितळेच्या जाड पत्र्यावर खिळ्यानं रेघ मारायचे, पत्रा ऐरणीवर ठेवायचे आणि रेघेवरून छिन्नी सरकवत ठोकत जायचे. आवाज असा की अर्ध्या बाजाराला कळावं, उस्मानभाऊ कामाला बसले. तुकडा पडायचा झटपट, पण त्याची कड दबलेली, वर वळलेली आणि दातऱ्या पडलेली. ती ठोकून सरळ करायची आणि कानशीनं घासून गुळगुळीत करायची हे काम माझं. मला भाऊ नव्हता. अब्बांना माणूस हवं होतं आणि मी समोर होते, एवढीच ती गोष्ट. कौतुकानं कोणी मला शिकवलं नाही. दिवसभर घासून घासून माझ्या केसांत, नखांत, ओढणीत पिवळा चुरा बसायचा आणि हाताला तांब्या-पितळेचा वास यायचा. अम्मा म्हणायची, "हिला आंघोळ घालण्यापेक्षा चिंच लावून घासायला हवी." अब्बांना मी एकदा विचारलं, "कडा एवढ्या खराब होतात, तर दुसऱ्या तऱ्हेनं का कापत नाही?" ते म्हणाले, "माझ्या बापानं असंच कापलं." आमच्या घरात हे उत्तर आलं की बोलणं संपायचं.

मग मी बोलणं सोडलं आणि करून बघितलं. एका बंगल्याच्या माळ्यानं लोखंड कापायच्या करवतीची चौकट आणून दिली होती, साहेबाच्या अडगळीतली. अब्बांनी ती खुंटीला लटकवून ठेवली होती. पुण्याला जाणाऱ्या एका शेजाऱ्याकडून मी तिच्यात घालायची पाती मागवली. पहिलं पातं मी दुपारभरातच संपवलं. भसाभसा ओढत सुटले, पातं तापलं, दात बोथट झाले. दुसऱ्या पात्याला शहाणपण आलं, म्हणजे मला आलं. लोखंड कापताना सावकाश ओढायचं आणि कारळ्याच्या तेलाचा थेंब सोडत राहायचं. पितळेला तेल नको, ती कोरडीच चांगली कापते. पातळ पत्रा असेल तर मोठ्या दातांचं पातं त्यात अडकतं आणि दात तुटतात, त्याला बारीक दात हवेत. तरीही पत्रा थरथरलाच, तर दोन्ही बाजूंनी बांबूच्या चिरफळ्या बांधायच्या आणि बांबूसकट पत्रा कापायचा. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही आणि कुठल्या फिटरनंही नाही. कापलेली कड अशी निघायची की कानशीचे चार हात फिरवले की काम झालं. अब्बांनी एकदा ती कड अंगठ्यानं चाचपली आणि दुसऱ्या दिवसापासून पितळ माझ्याकडे सरकवायला लागले. छिन्नी लोखंडाला राहिली. शाबासकी म्हणतात ती आमच्याकडे एवढीच.

आता माझ्या नातवाकडे विजेचं यंत्र आहे. चाक फिरतं, ठिणग्या उडतात आणि भात शिजायच्या आत गाडाभर लोखंड कापून होतं. तो मला म्हणतो, "नानी, तुम्ही उगाच कष्ट केलेत." त्याला मी सांगते, बाबा, ते यंत्र तुझ्या हातात यायला तुला कोणाशी भांडावं लागलं नाही, म्हणून तू असं बोलतोस. तो हसतो आणि यंत्र सुरू करतो, म्हणजे माझं पुढचं ऐकू येऊ नये.

तर चाचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसे ते पडवीत येऊन बसले. बसले म्हणजे उभे राहिले, कारण जमिनीवर बसून काम करणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि उभे राहिले की डोकं वाशाला आपटे. दोनदा आपटलं. दोन्ही वेळा मला फार बरं वाटलं. मी लाकडी ठोकळ्यावर पितळेची पट्टी ठेवून, ती टाचेखाली दाबून करवत ओढत होते. त्यांनी वाकून बघितलं आणि चहा नाकातून येईपर्यंत हसले. "या अल्ला! भाईजान, पोरीनं पातं उलटं बसवलंय!" करवतीचे दात मी माझ्याकडे ठेवले होते. आमच्या गल्लीतला सुतारही करवत ओढूनच कापायचा, आणि जमिनीवर बसलेल्या माणसानं ओढूनच कापायला हवं. ढकलायला गेलं तर पट्टीच पुढं पळते. ओढलं तर ती टाचेशी आणखी घट्ट येते, आणि पाठीचं सगळं बळ लागतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मुंबईत साहेबलोक ढकलून कापतात." मी म्हटलं, "साहेब जमिनीवर बसत असतील तर विचारून या." अब्बांनी डोळे वटारले म्हणून मी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेऊन बसले. चाचांनी न सांगता पातं फिरवून ठेवलं होतं. मी नेहमीसारखी जोर लावून ओढली तर ती नुसती घसरली. परत जाताना दात एकदम रुतले, करवत उडाली, पातं मोडलं आणि मोडका तुकडा माझ्या डाव्या तळव्यात शिरला. पितळेवर रक्त सांडलं. अम्मा हळद घेऊन धावली. चाचा दारात उभे राहून म्हणाले, "बायकांच्या हातात हत्यार दिलं की असंच होणार." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी अब्बांकडे बघितलं. अब्बा मूग गिळून बसले होते. चाचांचा राग तर आलाच, पण त्या दिवशी अब्बांचा जास्त आला. भाऊ नोकरी गमावून आलाय, त्याला दुखवायचं नाही, हे मलाही कळत होतं; पण माझ्या हाताला पट्टी बांधलेली कोणाला दिसत नव्हती का? त्यानंतर आमचं रोजचं युद्ध सुरू झालं. सकाळी मी पातं माझ्याकडे फिरवायची, दुपारी ते त्यांच्याकडे फिरवून ठेवायचे. करवत बोलत असती तर दोघांनाही शिव्या दिल्या असत्या.

गोणपाटात होता शेगडा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, शेगडा म्हणजे लोखंडाचा जबडा. दांडा फिरवला की तो आवळतो आणि त्यात धरलेला तुकडा हलत नाही. चाचांनी मुंबईहून तो ओझं वाहून आणला होता. त्याच्यासाठी त्यांनी मेज केलं. वर सागाच्या जाड फळ्या, खाली एका बंगल्यातून काढलेल्या जुन्या पाण्याच्या नळाचे चार पाय. उभं राहून ते अब्बांना समजावत होते आणि मी आतून ऐकत होते. "शेगड्याचं तोंड कोपराच्या उंचीला हवं. खाली गेलं तर कंबर जाते, वर गेलं तर खांदा जातो. ही या धंद्याची बाराखडी आहे." स्वतःचं कोपर टेकवून त्यांनी उंची दाखवली. आता खोटं कशाला बोलू, त्या शेगड्यात त्यांनी लोखंडाची जाड सळई आवळली, करवत ढकलत कापली, आणि कड अशी निघाली की मी जळले. माझ्या टाचेखाली तेवढी जाड सळई कधी धरली गेली नसती. शेगडा चांगला होता. त्याचा मालक वाईट होता.

पण ते मेज पडवीत मावेना. त्याच्यापाशी उभं राहायचं तर छप्पर डोक्याला लागे. म्हणून ते ओट्यावर गेलं, रस्त्याच्या तोंडावर. मेजापाठोपाठ ऐरण गेली, हातोडे गेले, पितळेचे पत्रे गेले, करवत गेली. माझा ठोकळा तेवढा पडवीत राहिला, आणि अम्मानं त्याच्यावर सरपण रचलं. मी आपली सवयीनं ओट्यावर जाऊन उभी राहिले तर चाचा म्हणाले, "इथं कुठं? बाजार बघतोय. वयात आलेली पोरगी रस्त्यावर उभी राहून करवत चालवणार? लोक काय म्हणतील?" मग अब्बांकडे वळून, "हिला चुलीपाशी बसवा भाईजान, आणि वर्षाच्या आत उजवून टाका. कामाला मी आहे."

म्हणजे झालं. चांगला शेगडा आला, चांगली तऱ्हा आली आणि मी बाहेर. मी कितीतरी दिवस अम्माबरोबर तांदूळ निवडले, भांडी घासली, आणि ओट्यावरून करवतीचा आवाज आला की खडे तांदळातच राहायचे. अम्मा म्हणायची, "तुझ्या हातचा भात खायचा म्हणजे दात शिल्लक ठेवायचे नाहीत." मला रडू यायचं आणि रडल्याचा राग यायचा. चुलीचं मला वावडं नव्हतं, पण मला एक काम येत होतं, मी ते स्वतः शिकले होते, आणि ते माझ्या हातातून काढून घेतलं होतं. एका संध्याकाळी अब्बा हातपाय धुवायला परसात आले तेव्हा मी त्यांना गाठलं.

"अब्बा, माझं काम वाईट होतं का?"

"नाही बेटा."

"मग?"

"मग काय? शेगडा पडवीत उभा राहत नाही. तूच बघ छप्पर. मेज उंच आहे, त्याला मी काय करणार?"

ते तोंड पुसत आत गेले. मी तिथंच उभी राहिले. मेज उंच आहे. घरात एवढी दोन मोठी माणसं, एक मुंबईचा फिटर आणि एक बाजारातला नावाजलेला कारागीर, आणि मेज उंच आहे म्हणून हात टेकतात! मी पडवीतलं सरपण बाजूला केलं, ठोकळ्यापाशी बसले, कोपर दुमडलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली. कोपर चाचांना होतं तसं मलाही होतं. मग मेजाच्या फळीची जाडी आणि शेगड्याची उंची त्यातून वजा केली. उरली तेवढी सुतळी दातांनी तोडून ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली.

कशानं कापायचं हा विचार करायला मला वेळ लागला नाही. छिन्नी लावली असती तर पहिल्याच घावाला बाजार जमा झाला असता, शिवाय नळ पोकळ, तो कापण्याऐवजी चेपला असता. करवतच हवी, बारीक दातांचं पातं आणि तेल, म्हणजे आवाज खस् खस् एवढाच. वेळ जुम्म्याची, दोघं भाऊ मशिदीत गेले की. त्या शुक्रवारी अम्मानं मटण चढवलं होतं, ती रश्श्यात गुंतलेली. मी ओट्यावर गेले आणि मेजाखाली गोणपाटं पसरली. पण शेगड्यासकट ते मेज मला एकटीला आडवं होईना. तेवढ्यात वडिवळे गावचे गेनूआबा आले. दर मोसमात कणगीच्या खोलीसाठी कडी-कोयंडा न्यायला येणारे हे म्हातारे गृहस्थ पायरीवर काठी टेकून बसले.

"उस्मानभाऊ कुटं हाय गं?"

"नमाजला गेलेत आबा. येतील."

"आन् तू काय करतीयास?"

"मेज आडवं करायचंय."

"कशापायी?"

"पाय कापायचेत."

त्यांनी मेजाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चांगलं हाय की मेज. पाय कशाला कापतीस?"

"चांगलं आहे आबा, पण लय उंच हाय," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"व्हय? मंग काप." आणि काठी ठेवून म्हातारा उठला. आवाज ऐकून अम्मा बाहेर आली, हातात रश्श्याचा डाव. तिनं ते दृश्य बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तौबा! तुझ्या बापाला मी काय सांगू?"

"सांग, वाळवी लागली."

"लोखंडाला?"

"तू धरतेस का नाही?"

अम्मा माझ्यासारखीच, किंवा मी तिच्यासारखी. तिनं डाव गेनूआबांच्या हातात दिला, पदर खोचला आणि फळीला हात लावला. तिलाही मेजाचा राग असणार. ते ओट्यावर आल्यापासून ती तिथं धान्य वाळवू शकली नव्हती. तिघांनी मिळून मेज गोणपाटावर अल्लाद आडवं केलं. मी कागदाची पट्टी नळाभोवती गुंडाळली, म्हणजे तिच्या कडेनं मारलेली रेघ वाकडी होत नाही. सुतळीनं चारही पायांवर माप घेतलं, करवतीचं पातं फिरवून दात माझ्याकडे घेतले, आणि तिथंच ओट्यावर मांडी घालून बसले. आडवा नळ थरथरतो, म्हणून अम्मानं त्याचं टोक धरलं. नळ फिरवता येत नव्हता, म्हणून मीच त्याच्याभोवती सरकत कापत गेले. पहिला पाय पडला. आबा डाव हातात घेऊन रस्त्यावर नजर ठेवत होते आणि मधूनच आत जाऊन रस्सा ढवळून येत होते. दुसरा पडला. कड हाताला लागली नाही इतकी सरळ. तिसऱ्याला तेल संपत आलं, पातं तापलं, मी थांबले, फुंकलं, पुन्हा ओढलं. तिसरा पडला तेवढ्यात आबा म्हणाले, "मानसं सुटली बग मशिदीतनं."

अम्मा पदर सावरत आत पळाली. आत पळायला मलाही वेळ होता. पण तीन पाय कापलेलं मेज आणि त्याच्यापाशी कोणी नाही, म्हणजे चोरी केल्यासारखं झालं असतं. मी चोरी केली नव्हती. मी तिथंच बसून चौथ्या पायाला करवत लावली.

चाचा पुढं, अब्बा मागं, आणि त्यांच्या मागं बाजारातली दोन-चार माणसं. चाचांनी आडवं मेज बघितलं, टोपी काढून हातात घेतली, परत घातली. "माझं मेज! भाईजान, हिनं माझ्या मेजाचे पाय... अक्कल आहे का गाढवे? थोबाड फोडीन!" ते ओट्यावर चढले. मी करवत सोडली नाही. मला भीती वाटत होती, तरीही मी म्हटलं, "फोडा. पण आधी चौथा होऊ द्या, नाहीतर मेज लंगडं राहील."

कोणीतरी हसलं. चाचांनी हात उगारला आणि अब्बांनी तो वरच्या वर धरला. भावावर अब्बांनी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. नुसता हात धरून ठेवला. मग सोडला, खाली बसले आणि पडलेल्या नळाच्या तुकड्याची कड अंगठ्यानं चाचपली. एक तुकडा, दुसरा, तिसरा. तिन्ही शेजारी उभे करून बघितले.

"माप कुठून घेतलंस?"

"माझ्या कोपरापासून. बसल्यावर. शेगड्याचं तोंड कोपराच्या उंचीला हवं, चाचांनीच सांगितलं होतं."

अब्बा चाचांकडे बघत राहिले. गेनूआबा पायरीवरून म्हणाले, "बराबर बोलतीया पोर." त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि हातात अजून आमचा डाव होता.

"काप चौथा," अब्बा म्हणाले.

बाजार बघत होता. बघू दे म्हटलं. मी ओढायला लागले, पण धरायला अम्मा नव्हती, नळ थरथरत होता, पातं अडखळत होतं, आणि जवळ तेलही उरलं नव्हतं. अर्ध्यावर आलं तेव्हा पातं वाकून कुरकुरलं.

"रशीद," अब्बा म्हणाले, "टोक धर."

"मी? मी धरू?"

"हलतंय. पातं मोडेल."

चाचांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट आठवतं. मला कच्चं खावं असं त्यांना वाटत होतं. पण पातं कुरकुरत होतं, आणि तो आवाज त्यांच्यातल्या फिटरला सहन होईना. ते गुडघ्यावर बसले, नळाचं टोक दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि माझ्या तोंडावर ओरडले, "दाब कमी कर! कमी कर म्हणतो ना, मूर्ख पोरी! परत जाताना उचल! एवढं तरी कळतं का?" मी ओरडले, "मला कळतं! तुम्ही धरा नीट!" ते शिव्या देत होते, मी ओढत होते. शेवटचा धागा राहिला तेव्हा त्यांनी नळ हळूच वर तोलला, म्हणजे पात्यावर ओझं येऊ नये. तुकडा त्यांच्याच हातात सुटला. पातं शाबूत होतं.

अब्बांनी एक बाजू उचलली, चाचांना दुसरी उचलायला लावली, आणि मेज मधल्या खोलीतून पडवीत नेलं. आता त्याच्यापाशी उभं राहायची गरजच नव्हती. उतरत्या छपराखाली, परसाकडच्या उजेडात, ते चारही पायांवर सरळ बसलं. अब्बांनी हलवून बघितलं, हललं नाही. मग ते एका बाजूला मांडी घालून बसले, मी दुसऱ्या बाजूला बसले. शेगड्याचं तोंड माझ्या कोपराशी आलं. चाचा वाशाखाली मान वाकवून उभे होते, हातात तो नळाचा तुकडा तसाच.

"बस रशीद," अब्बा म्हणाले. "किती वेळ असा वाकून राहशील?"

त्यांनी तुकडा मेजावर ठेवला. मग बसले. बसायचा पाट माझ्या शेजारीच होता. मी काही तो दूर सरकवला नाही.